दाजींची सायकल आणि माझं अ‍ॅव्हरेज

फोन अक्काचा होता. सकाळचे नऊ वाजायचे होते, मी प्रेस मशिनपाशी उभा होतो आणि त्या आवाजात मला एवढंच ऐकू आलं, की दाजींना कुणीतरी मोशीच्या पुढच्या एका दवाखान्यात आणलंय आणि ती रिक्षात बसलीय. हातमोजे काढले, सुपरवायझरला सांगितलं, गाडी काढली. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. अक्का बाकावर बसली होती, पायात दोन वेगवेगळ्या चपला. माझ्याकडं बघून ती रडली नाही. म्हणाली, "सुभाष, सायकल कुठं राहिली रे त्यांची?"

पाच आठवडे झाले त्याला. माणिकराव, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, वय चौपन्न. या पाच आठवड्यांत त्यांच्याविषयी पुष्कळ चांगलं बोलून झालं. तेराव्याला तर वाकडच्या एका सायकल ग्रुपची चार माणसं आली. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोक्यावर हेल्मेट, दाराशी लावलेल्या सायकली आमच्या मोटारसायकलींपेक्षा महाग. दाजींना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. कुणाच्या तरी मोबाइलवर बातमी फिरली होती, की भोसरीचा एक कामगार पन्नाशी ओलांडल्यावर आरोग्यासाठी सायकलकडं वळला आणि सायकल चालवतानाच गेला. त्यांनी फोटोला हार घातला. "पेट्रोलच्या या दिवसांत काकांनी आदर्श घालून दिला," असं त्यातला एक जण म्हणाला. अक्कानं मान हलवली. मी त्याच खोलीत, भिंतीला टेकून बसलो होतो. दाजी आरोग्यासाठी सायकलकडं वळले नव्हते. मी त्यांना माझ्या गाडीवरून खाली उतरवलं होतं. हे मी तेव्हा बोललो नाही. बोलणं मला तसंही जमत नाही, पण या वेळी ते न जमणं माझ्या सोयीचं होतं...

दाजी गोड माणूस नव्हते. मेलेल्या माणसाला गोड करायची आपल्याकडं पद्धत आहे, मी ते करणार नाही. लातूरकडून ते इकडं आले, त्यांच्यामागं चार वर्षांनी मी. भोसरीतल्या त्यांच्या एका खोलीत मी दोन वर्षं राहिलो, जेवलो. त्या दोन वर्षांत त्यांनी मला कधी "जा" म्हटलं नाही, आणि नंतरच्या पंचवीस वर्षांत कधी ते विसरूही दिलं नाही. चाकणला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये ते कंत्राटी कामाला होते. नट, बोल्ट, वॉशर जपून द्यायचे, आणि घरीही तसेच वागायचे. पंखा चालू ठेवून कुणी खोलीबाहेर गेलं की हाका मारून परत बोलवायचे. पाहुण्याच्या कपात उरलेल्या चहाकडं त्यांचं लक्ष असायचं. मला त्यांचा राग यायचा. खरं सांगायचं तर उपकार झालेल्या माणसाचा राग जसा येतो, तसा यायचा.

पेट्रोलनं शंभरी ओलांडली आणि मग ते खाली यायचं नाव घेईना, तेव्हा आमच्याकडं घराघरात नवे नियम आले. माझ्या बायकोची स्कूटर जिन्याखाली गेली, तिच्यावर पापड वाळत पडायला लागले. शेजारच्या तीन घरांनी मिळून पोरांच्या शाळेच्या पाळ्या लावल्या. गावाकडच्या लग्नाला घरटी एकच माणूस जायचं आणि त्यानंच सगळ्यांचे आहेर न्यायचे. दाजींची मुलगी माण गावाकडच्या एका आयटी कंपनीत लागली होती. कॅबला पगार पुरेना, म्हणून दाजींनी आपली मोटारसायकल तिला दिली आणि स्वतः माझ्या मागं बसायला लागले. कंपनीच्या बस कायम नोकरीतल्या माणसांसाठी असतात, आमच्यासारख्या कंत्राटींसाठी नाही, आणि दुसऱ्या बसनं गेलं तर उतरून पुढं आत कोसभर चालायचं. दोघांची पहिली शिफ्ट, दोघांची वाट एकच. एका आठवड्याला पेट्रोल मी टाकायचं, एका आठवड्याला त्यांनी. अक्कानं हे जुळवलं तेव्हा ती खूश होती. भाऊ आणि नवरा एका गाडीवर. तिला काय माहीत, की ज्याच्याशी पटत नाही त्याचं पोट रोज सकाळी अर्धा तास पाठीला लागलेलं असणं म्हणजे काय असतं.

आणि पोटापेक्षा हात वाईट. सिग्नल लागला की दाजींचा उजवा हात माझ्या कमरेवरून पुढं यायचा आणि चावी बंद करायचा. विचारायचं नाही, सांगायचं नाही. हिरवा लागला की मागून आवाज, "हं, मार किक." मागं बसून गिअर पण तेच सांगायचे. "तिसऱ्यावर काय रडवायलास तिला, चौथा टाक." पेट्रोल पहाटेच भरायचं, गार असताना, दुपारी त्याची वाफ भरतात म्हणायचे. पंपावर टँकर उभा असला तर भरायचंच नाही, तळाचा गाळ वर येतो. त्यातलं खरं किती, खोटं किती, मला आजही माहीत नाही. पण अडीच वर्षं मी ते कानामागं झेललं. मोशीनंतर रस्ता इंद्रायणीकडं उतरतो, पूल येतो, मग पुन्हा चढ. तो उतार म्हणजे दाजींचा आवडता. तिथं चावी बंद करून ते गाडी तशीच सोडायला लावायचे. "देवानं उतार फुकट दिलाय लेका, घे की." आजूबाजूनं कंटेनर, डंपर धडधडत जायचे आणि आम्ही दोघं त्यांच्यामधून मुक्यानं घरंगळत जायचो.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्याच उतारावर पुढच्या डंपरनं एकाएकी लेन बदलली. मी हॉर्न दाबला तर वाजला नाही. चावी बंद. मागच्याला ब्रेकचा लाल दिवाही दिसला नसणार. गाडी दुभाजकाला घासली, इंडिकेटर तुटला, आम्ही पडता पडता राहिलो. दाजी खाली उतरले, इंडिकेटरचा तुकडा उचलून खिशात घातला आणि म्हणाले, "फेव्हिक्विकनं बसतंय."

मी गाडी सरळ केली. चाकणच्या अलीकडच्या फाट्यावर आम्ही रोज चहाला थांबायचो, तिथं थांबलो. टपरीवाला कुरुळीचा जुना माणूस, गाडीकडं बघून म्हणाला, "काय पाव्हणं, धडकला का काय?" कुणीतरी दाजींना विचारून उतार, चावी, सगळं ऐकून घेतलं. मग टपरीवाला दाजींकडं बघून हसला. "आवो, चावी बंद करून काय वाचतंय? मागं कांद्याचं पोतं बांदल्यागत तुमी बसताय. तुमी उतरा, बगा गाडी कशी पळतीय ती." चाकणच्या बाजारातली पोती सगळ्यांनी पाहिलेली, सात-आठ माणसं मोठ्यानं हसली. दाजी पण थोडे हसले.

त्या हशाच्या आधारानं मी बोललो. एकटा असतो तर बोललो नसतो. मी म्हणालो, "खरंच आहे. तुमच्या वजनानंच माझं अ‍ॅव्हरेज पडलंय. उद्यापासून तुमचं तुम्ही बघा, दाजी."

हसणं थांबलं. दाजींनी बशीतला चहा संपवला, बशी कपाखाली नीट ठेवली.

"उद्यापासून कशाला," ते म्हणाले. "आत्तापासूनच बघतो की." आणि पिशवी खांद्याला लावून चालायला लागले. मी त्यांना मागून गाठू शकलो असतो. दुसऱ्या फाट्यानं गेलो.

घरी त्यांनी अक्काला सांगितलं, की डॉक्टर व्यायाम कर म्हणालेत, शुगर वाढलीय. मुलीच्या शाळेतली सायकल माळ्यावर होती, गुलाबी, पुढं जाळीची टोपली असलेली. ती उतरवून त्यांनी तेलपाणी केलं. चौपन्न वर्षांचा, पंच्याऐंशी किलोचा माणूस मुलीच्या सायकलवर, टोपलीत डबा, सतरा-अठरा किलोमीटर जायचा आणि तेवढेच यायचा. त्यांनी खोटं का सांगितलं? मला वाचवायला, असं मी पहिले काही दिवस स्वतःला सांगत होतो. आता वाटतं, मेव्हण्यानं चारचौघांत गाडीवरून उतरवलं हे बायकोला सांगायची त्यांना लाज वाटली असेल. ते काही असो, मी ते खोटं उचललं आणि वापरलं. अक्का मला म्हणायची, "तू तरी सांग रे, या वयात कशाला." मी म्हणायचो, "चांगलंय की, व्यायाम होतो."

अ‍ॅव्हरेज दोन-तीन किलोमीटरनं वाढलं असेल, जास्त नाही. उलट त्यांचा आठवडा आता माझ्याच अंगावर आला, पेट्रोल दुप्पट लागायला लागलं. पैसे वाचवायला म्हणून उतरवलं, तर तसंही झालं नाही. पण मी "चला" म्हणालो नाही. रोज सकाळी चढावर ते मला दिसायचे. उभं राहून पॅडल मारत असायचे, शर्ट पाठीला चिकटलेला. मी हॉर्न द्यायचो. तो हॉर्न हाक मारायचा नव्हता, बाजूला व्हा म्हणून होता. पहिल्या आठवड्यात त्यांनी वळून बघितलं. मग बघणं सोडून दिलं. तीन महिने हे असं चाललं. मी रोज मनात म्हणायचो, आज येतील, म्हणतील "सुभाष, चुकलं माझं, चावीला हात नाही लावणार." एवढंच हवं होतं मला. ते आले नाहीत. तेही तसलेच, मीही तसलाच.

मग तो मे महिन्यातला दिवस. सव्वासहा-साडेसहाची वेळ, ऊन अजून चढलेलं नव्हतं. पूल ओलांडला आणि चढावर दाजी उभे दिसले. पॅडल मारत नव्हते. सायकल मांडीला टेकवलेली, एक हात हँडलवर. माझी गाडी त्यांनी आवाजावरून ओळखली असणार, कारण ते वळले आणि दुसरा हात वर केला. पूर्ण वर नाही, खांद्याएवढा. तोंड हललं, काहीतरी म्हणाले.

मला वाटलं, थकले. हरले शेवटी. लिफ्ट मागतायत.

मला बरं वाटलं. हे एक वाक्य लिहायला मला पाच आठवडे लागले. मला बरं वाटलं, आणि मी थांबलो नाही. उद्या थांबेन, असं ठरवलं. एक दिवस उभं राहू दे, मग उद्या थांबेन, म्हणजे बोलणी माझ्या बाजूनं होतील... आरशात एकदा बघितलं. हात खाली गेला होता.

एका दुधाच्या टेम्पोनं त्यांना उचललं, तेव्हा पावणेसात झाले होते. टेम्पोवाला म्हणाला, रस्त्याच्या कडेला बसलेले होते, बोलत नव्हते. डॉक्टरांना मी विचारलं, वीस-पंचवीस मिनिटं आधी आणलं असतं तर? त्यांनी खांदे उडवले, सांगता येत नाही म्हणाले. बाकी लोक सांगतात, हृदयाचा झटका होता, अंथरुणातही झालं असतं. झालं असतं, पण झालं त्या चढावर. मला असली समजूत नको आहे आणि वाचणाऱ्यांनी ती पाठवू नये.

गेल्या रविवारी मी अक्काला सगळं सांगितलं. टपरी, कांद्याचं पोतं, हॉर्न, वर केलेला हात, आणि हे सगळं मी पेपरात लिहिणार आहे, तेही. ती गहू निवडत होती. हात थांबले नाहीत तिचे. एक खडा बाजूला टाकत तिनं विचारलं, "काय म्हणत होते?"

"हेल्मेट होतं माझ्या डोक्यात. ऐकू नाही आलं, अक्का."

"थांबला असतास तर आलं असतं."

मग म्हणाली, उद्या मला ती जागा दाखव. मी म्हणालो, चल, सकाळीच नेतो. तिनं खिडकीतून माझ्या गाडीकडं बघितलं. "त्या गाडीवर मी बसणार नाही."

सोमवारी आम्ही बसनं गेलो. तिला खिडकीशी जागा मिळाली, मी दांडी धरून उभा होतो, ती माझ्याकडं बघत नव्हती. पुलाच्या पुढं उतरलो, चढ चालत चढलो. "इथं," मी म्हणालो. तिथं काही नव्हतं. गुटख्याच्या पुड्या, फुटलेला काळा टायर, वाळलेलं गवत. ती दाजींसारखीच रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली. मला म्हणाली, तू तिकडं हो जरा. मी दहा पावलं मागं सरकलो, गवतात. कामाची वेळ होती, मोटारसायकलींची रांगच्या रांग वर चढत होती, एकेका गाडीवर दोन-दोन, तीन-तीन माणसं. अक्का नुसती उभी होती. हात खालीच होते तिचे, पदर दोन्ही हातांनी धरलेला.

एक मोटारसायकल पुढं जाऊन थांबली. मागं एक माणूस बसलेला होताच. चालवणाऱ्यानं पायानं रेटत गाडी उताराला मागं आणली, हेल्मेटची काच वर केली. माझ्याच वयाचा, खाकी युनिफॉर्म, टाकीवर डबा अडकवलेला.

"काय मावशी, बरं वाटत नाही का? कुठं सोडायचंय?"

मागचा उतरून उभा राहिला, जागा करून.

अक्का त्या माणसाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "नको बाबा. जा तुम्ही, शिफ्ट चुकंल तुमची."

"पाणी पाहिजे का?"

"नको."

ते गेले. ती जागेवरच उभी होती, तो माणूस चढाच्या वर दिसेनासा होईपर्यंत. मग माझ्याकडं न बघताच उताराला लागली, मी मागून चालत राहिलो. परतीच्या बसमध्ये माझ्याशेजारी जागा रिकामी झाली, तरी ती उभीच राहिली. भोसरीला उतरल्यावर ती माझ्याकडं वळली.

"पेपरात लिहिणार म्हणालास ना. लिही. हार घालणाऱ्यांना पण कळू दे." दोन पावलं पुढं गेली, थांबली. "पण अक्कानं माफ केलं, असं काही लिहू नको त्यात."

म्हणून ते लिहिलेलं नाही. तिनं तसं केलेलंही नाही.