पाणंदीतला वर्षावास

फौजेतून निवृत्त होऊन गावी आलो, तेव्हा आईनं एकच काम सांगितलं. आमच्या वस्तीच्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून वर्षावासाचं ग्रंथवाचन बसतं, तीन महिने, रोज संध्याकाळी. यंदा वाचणारं कुणी नव्हतं. ‘तूच वाच की,’ आई म्हणाली. तिला अक्षर येत नाही. मी हो म्हणून बसलो.

विहार पाणंदीच्या एका टोकाला, आमचं घर दुसऱ्या टोकाला. दोन्ही बाजूंना ऊस, पावसाळ्यात डोक्याच्याही वर गेलेला. श्रावणात त्या उसात बिबट्या आला आणि वस्तीतलं एक कुत्रं घेऊन गेला. वनखात्याचा माणूस येऊन सांगून गेला, उसाजवळ वाकू नका, खाली बसू नका. उभ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही, वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी आईकडं बघितलं. जन्मभर खुरपं घेऊन भांगलण करून ती कंबरेत मोडलीय, जमिनीकडं बघतच चालते.

वाचन संपलं की फौजी बरोबर आहे म्हणून चार बायका आम्हा मायलेकांसोबत निघायच्या आणि मध्येच आपापल्या घरांकडं वळायच्या. शेवटचा तुकडा आम्ही दोघंच. सीमेवर मी घाबरत नव्हतो असं नाही, पण तिथं शेजारी जवान असायचा. इथं माझ्यामागं आईच्या काठीचा आवाज.

विहारात हात जोडून प्राणिहिंसा करणार नाही असं शील घ्यायचं आणि निघताना पायरीवर ठेवलेला कोयता उचलायचा, असा माझा धर्म चालला होता. ध्यानाला डोळे मिटले की श्वासावर लक्ष ठेवायचं. माझं लक्ष उसावर. सगळे प्राणी सुखी होवोत, हे म्हणताना बिबट्यापाशी गाडी अडायची. सुखी हो बाबा, पण फलटणकडं जाऊन हो, असं मी मनात म्हणायचो.

‘आय, तू घरीच थांब, मी वाचून येतो,’ असं मी कितीदा सांगितलं. ‘मी येनार,’ एवढंच उत्तर. तिला ऐकायची ओढ आहे, आता या वयात नाही कसं म्हणायचं, असं वाटून मी तिला घेऊन निघायचो.

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी बायका वळून गेल्या आणि बॅटरीच्या उजेडात बांधावर दोन डोळे चमकले. मांजराचे म्हणावेत तर त्यांच्यातलं अंतर फार होतं. कोयता हातात होता. मागं काठी थांबली. वाकलेली आई आणि तो, मध्ये फक्त मी.

कसं सुचलं कोण जाणे. कोयता टाकला, मागं वळून आईला काखेत धरून उचललं आणि लहान पोराला घेतात तसं खांद्यावर बसवलं. तिला वजन असं नव्हतंच. बॅटरी तिच्या हातात दिली. आम्हा दोघांचं मिळून एक उंच माणूस झालं.

डोळे विझले. ऊस सळसळला, थोडा पुढं सळसळला आणि थांबला. म्हणजे तो गेला नव्हता, तिथंच आत होता. मी चालायला लागलो. पळू नको, पळू नको, असं स्वतःला बजावत चाललो. तेव्हा कळलं, माझ्या छातीवर टेकलेले आईचे पाय लटलट कापत होते.

‘आय, भ्यालीस?’

‘व्हय रं. रोजच भ्याते.’

‘मग येतीस कशाला? घरी थांब म्हणत व्हतो की.’

ती बॅटरी उसावर फिरवत राहिली. ‘तुला एकट्याला या वाटंनं कसं सोडू?’

मला रडू फुटलं. थांबायची हिंमत नव्हती, म्हणून तसाच रडत चालत राहिलो.