उतारापूर्वी उघडलेलं चाक

अमावास्या, सकाळचे सात. ठिकाण साताऱ्याकडून येताना कात्रजच्या नव्या बोगद्याअलीकडची चहाची टपरी. ट्रकमध्ये दहा टन फरशी, भाडं नऊ हजार. हजर दोघे: मालक म्हणून मी आणि आमचा चालक सोपान. बोगदा संपला की पुण्यात शिरणारा तो लांब उतार. शहरात जड वाहनांना बंदी सुरू होण्याआधी माल पोचवायचा होता आणि नेमकी तेव्हाच सोपानने गाडी बाजूला घेतली.

"मालक, चाकाखाली लिंबं ठेवायची राहिली."

"खाली गेल्यावर ठेव."

"खाली गेल्यावर कशाला? पोचल्याचा सत्कार करायला?"

मी रोज दत्तगुरूंचं नाव घेतो, पण लिंबावर माझा विश्वास नाही. चिडून घड्याळ बघत बसलो. लिंबू ठेवायला मागच्या डाव्या चाकापाशी वाकलेला सोपान उठला तेव्हा त्याचा हात काळा, चिकट झाला होता. चाकाची आतली बाजू तेलाने भिजली होती. तरी मी म्हणालो, "हळूहळू उतरू, मग बघू." हे शब्द माझेच होते, ते लपवत नाही.

टपरीवर चहा पिणारे एक साठीचे गृहस्थ उठून आले. चाकाच्या मध्यावर त्यांनी पाण्याचे थेंब शिंपडले. ते चर्र करून उडाले.

"हब तापलाय. ब्रेकचं लायनर तेलात भिजलं असंल. उतरायचं तर उतरा, पण घरी फोन करून घ्या आधी."

ते खालच्या गावातले मेकॅनिक निघाले. त्यांच्या दुचाकीला हत्यारांची पेटी होती. पुढच्या चाकांना दगड लावले, जॅकखाली लाकडी ठोकळे दिले. ॲक्सलचा शाफ्ट ओढून काढला, हब उतरवला. तेल आत अडवणारं ऑइल सील फाटलं होतं आणि बेअरिंगच्या रोलरवर खड्डे पडले होते. नुसतं सील बदलून भागेल का, असं मी विचारलं. "बेअरिंग हलतंय. नवं सीलबी फाटंल," ते म्हणाले. मग ॲक्सलवरच्या हवा सोडणाऱ्या बारीक भोकावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ह्याचं नाक कुणी दाबलं?"

मीच. दसऱ्याच्या पूजेला गाडी चकाचक दिसावी म्हणून मी ॲक्सलसुद्धा रंगवून घेतला होता. रंगाने भोक बुजलं, आत हवा कोंडली आणि तेल सीलमधून बाहेर पडू लागलं. तेव्हापासून सोपान ह्या गाडीवर घाट उतरत होता. त्याच्या दोन्ही मुलींची नावं मला पाठ आहेत.

सोपानने त्यांच्या दुचाकीवरून नवं बेअरिंग, सील, लायनर आणि तेल आणलं. बंदी केव्हाच सुरू झाली होती; माल आता ती उठल्यावरच पोचणार होता. हब बसवून त्यांनी चाक हाताने फिरवलं, कान लावला, नट जरा सैल केला, पुन्हा कान लावला. शेवटी तेल भरलं. मी पाकीट काढलं तर म्हणाले, "खाली उतरल्यावर. माझी तीच रीत हाय. मी बसतो तुमच्यासंगं, दुचाकी राहील हितंच."

बोगदा संपला. उताराला लागलो आणि दहा टन पाठीवर आल्यासारखे वाटले. शेजारून गाड्या सपासप जात होत्या. मी वेगाच्या काट्याकडे पाहत होतो, सोपानच्या पायाकडे पाहत होतो, आणि मध्येच लक्षात आलं की माझ्या हातात काहीच नाही. ना स्टिअरिंग, ना ब्रेक. मी डोळे मिटून म्हणालो, "दत्तमहाराज, आता तुम्हीच." सोपानने ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत मंदावली. पुन्हा दाबला, पुन्हा मंदावली.

खाली उतरल्यावर मी मेकॅनिकच्या पाया पडू लागलो. "देवासारखे आलात."

"देव मजुरी घेत नाही. मी घेतो. अठराशे."

सोपान एवढा हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्या टपरीवर त्याच वेळी का थांबले होते, हे मी विचारलं नाही. जे माझ्या हातात होतं त्यात मी चुकलो. जे नव्हतं ते कोणीतरी सांभाळलं. एवढं समजायला मला पन्नास वर्षं लागली. सुट्या भागांचे पाच हजार सहाशे चाळीस सोपानबरोबर दुकानदाराला आधीच पाठवले होते; मजुरीचे अठराशे त्यांच्या हातात दिले, घासाघीस न करता.