आक्काचा गंधार

आमच्या रविवारच्या बैठकीत ‘कसं काय, बरं आहे का’ असं कुणी विचारत नाही. दारात चपला काढता काढताच विचारायचं, ‘सध्या काय ऐकताय?’ तब्येतीचं, मुलाबाळांचं त्यातून आपोआप कळतं. दोन आठवडे नुसता मारवा ऐकणाऱ्याच्या घरी काहीतरी बिनसलेलं असतं, आणि देसकार ऐकणाऱ्याला झोप चांगली लागलेली असते. हे माझं मत आहे, शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही.

बैठक बेळगावच्या वडगावात एका विणकर अण्णांच्या घरी भरते. खाली त्यांचे माग, वर खोली. रविवारी सकाळी अण्णा आपले माग बंद ठेवतात. शेजारचे चालूच असतात, पण त्या खटखटीला आम्ही इतके सरावलोय की ती थांबली तरच दचकतो. ठरलेली माणसं म्हणजे अण्णा, कन्नड शिकवून निवृत्त झालेले एक सर, मी, आणि निपाणीहून येणारी माझी थोरली बहीण, आक्का. बाकीचे दोघं-तिघं सवडीप्रमाणे डोकावतात. ज्यानं त्यानं आपण सध्या ऐकतोय ते रेकॉर्डिंग आणायचं, लावायचं, आणि संपेपर्यंत गाणारा कोण ते सांगायचं नाही. हा नियम आक्काचा. नाव आधी कळलं की माणसं कान मिटून दाद देतात, असं तिचं म्हणणं. सरांची त्यामुळे बऱ्याचदा पंचाईत होते. ज्या गवयाला ते जन्मभर नाकं मुरडत आले, त्यालाच नुकतं ‘वाहवा’ म्हणून बसलेले असतात.

या सगळ्याच्या आधी तंबोरा. अण्णांकडे मिरजेचा जुना तंबोरा आहे. गाता आमच्यापैकी एकालाही येत नाही, पण कान स्वच्छ व्हावेत म्हणून अण्णा तो लावतात आणि थोडा वेळ नुसताच छेडतात. तारेखाली जो धागा सरकवून सुराला गुंजन आणतात, ज्याला जवारी काढणं म्हणतात, तो धागा अण्णा आपल्याच मागावरच्या रेशमाचा घालतात. जवारी नीट लागली की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. चार तारांपैकी एकही गंधाराची नसते, तरी तो येतो. आक्का डोळे मिटून त्याची वाट बघते. आला की उजवा हात जरासा उचलते, आणि मगच आमची बैठक सुरू होते.

ऐकायला मला तिनंच शिकवलं. आमचे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे, आई विड्या वळायची. आक्का शिकली, शिक्षिका झाली आणि पहिला पगार झाल्या झाल्या रेडिओ घेऊन आली. आमच्या वस्तीला चौदा एप्रिलच्या जयंतीची गाणी तोंडपाठ होती, संथ आलाप मात्र नवखा होता. आक्काच्या रेडिओत मांजर अडकलंय, असं शेजारच्या मावशी चारचौघांत बोलायच्या. वडील दमून आलेले, भिंतीला पाठ लावून बसायचे, आणि बराच वेळ ऐकून झाल्यावर अगदी शांतपणे विचारायचे की गाणं कधी सुरू होणार. पण रेडिओ बंद कर, असं ते कधी म्हणाले नाहीत. आक्का मला जवळ ओढून कानात सांगायची, बघ हं, आता तो त्या सुरावर येणार, अजून नाही, अजून नाही, आला. त्या ‘आला’ची मला जी चटक लागली ती अजून सुटलेली नाही.

अशा आक्काला गेल्या वर्षी कमी ऐकू येऊ लागलं. आम्ही आधी चेष्टेवारी नेलं. मग ती बैठकीत स्पीकरला खेटून बसायला लागली, तेव्हा चेष्टा बंद केली. बेळगावात कान तपासले, दोन्ही कानांना यंत्रं बसली. नातवंडांचं बोलणं ऐकू यायला लागलं म्हणून घरचे खूश झाले. पुढच्या रविवारी ती नेहमीसारखी बसनं निघाली. मी बेळगावच्या अलीकडे, काकतीत राहतो. हायवेवर तिला उतरवून घेतलं आणि स्कूटरवरून वडगावला नेलं.

अण्णांनी तंबोरा छेडायला सुरुवात केली. आक्कानं डोळे मिटले. आम्ही सगळे तिच्या उजव्या हाताकडे बघत होतो. हात काही उचलला जाईना. थोड्या वेळानं डोळे मिटलेलेच ठेवून तिनं विचारलं, “थांबलासा काय अण्णा?”

अण्णांची बोटं तारांवरून फिरत होती. तंबोरा खोलीभर घुमत होता. आक्कानं डोळे उघडले, अण्णांची बोटं बघितली, आणि तिचा चेहरा एकदम परका झाला. पुढची सगळी बैठक ती ताठ बसून राहिली. गाणारा कोण, हेही तिनं विचारलं नाही.

परत जाताना स्कूटरवर मागून तिनं सांगितलं, “सुरू झाल्यागत वाटतंय आणि इरून जातंय. गाणाऱ्याचं नुसतं तोंड वाजतंय, मागचं समदं गेलंय.” मी म्हटलं, होईल सवय. बसमध्ये चढताना ती म्हणाली, “मी आता यायची न्हाय. माणसांचं बोलणं कळतंय, लई झालं.”

आम्हा बैठकीवाल्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. रोज सकाळी प्रत्येकानं काय ऐकतोय ते एका ओळीत लिहायचं. गाण्याची लिंक टाकायला बंदी, फुलांच्या शुभेच्छांना त्याहून कडक बंदी. आक्काची ओळ सगळ्यांत आधी यायची. ती आता येईना. सर कन्नडमध्ये तिची चौकशी करायचे, उत्तर नाही. कधीमधी डोकावणारे एक गृहस्थ म्हणाले, वय झालं की हे असं चालायचंच. मी त्यांना असा काही बोललो की ते पुढं महिनाभर फिरकले नाहीत. त्याचं मला वाईट वाटलेलं नाही. नवरा गेला तेव्हा, नोकरी संपली तेव्हा, आक्का ऐकण्याच्या आधारावर उभी राहिली होती. ते गेलं तर ती जेवेल, बोलेल, नातवंडांचा अभ्यासही घेईल, पण आक्का राहणार नाही, अशी मला भीती वाटत होती. त्या यंत्राचा मला मनस्वी राग आला होता.

तो राग घेऊनच मी तिला पुन्हा त्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. अण्णा म्हणाले, ही तक्रार सांगून कळायची नाही, वाजवून दाखवावी लागेल. मग आक्का, मी, अण्णा आणि तंबोरा असे चौघं एका रिक्षात बसलो. भोपळा माझ्या मांडीवर होता. दवाखान्यात ताटकळलेली माणसं आमच्याकडे अशी बघत होती, जणू तंबोऱ्याचेच कान तपासायचे आहेत.

कान तपासणारी मुलगी धारवाडकडची, कन्नडमिश्रित मराठी बोलणारी. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो, पण तिनं मला संधीच दिली नाही. आधी वाजवून दाखवा, म्हणाली. अण्णांनी छेडलं. तिनं ते मन लावून ऐकलं, आक्काला दोन-चार प्रश्न विचारले आणि समजावून सांगितलं. यंत्र बोलण्यासाठी बनवलेलं आहे. एकच आवाज न बदलता चालत राहिला की त्याला तो पंख्याचा वाटतो, आणि बोलणं नीट कळावं म्हणून ते तो आवाज हळूहळू दाबून टाकतं.

आक्काला हा अपमान सहन झाला नाही. “म्हंजे तुमच्या मशिनीला तंबोरा आणि फॅन एकच?”

“मशिनीला एकच, आक्का,” मुलगी हसून म्हणाली. “तुम्हाला दोन आहेत की नाही? तेवढं पुरे.”

तिनं पुन्हा तपासणी घेतली आणि आणखी एक भानगड उघड झाली. कानात बारीक आवाज सोडतात आणि तो आला की बटण दाबायचं असतं. आक्का दाबायची, पण आवाज येऊन गेल्यावर. मुलीनं कारण विचारलं तर आक्का म्हणाली, कुठला सूर आहे ते पक्कं झाल्याशिवाय कसं दाबायचं, चुकला म्हणजे? जन्मभर नाव न सांगता सूर ओळखायची सवय, तिला ही तपासणीसुद्धा बैठकच वाटली. पहिल्या वेळीही तिनं तेच केलं होतं, आणि त्यामुळे कान होते त्यापेक्षा जास्त गेलेले दिसले होते. आम्ही तिघंही इतके हसलो की बाहेरच्या बाईंनी दार उघडून आत बघितलं.

यंत्र नव्यानं लावलं. गाण्यासाठी त्यात वेगळी सोय असते, तीही चालू करून दिली. मुलीनं खोटी आशा मात्र दाखवली नाही. पहिल्यासारखं सगळं येणार नाही, म्हणाली, पण रोज थोडं थोडं ऐका, कानाला पुन्हा ओळख पटत जाईल. अण्णांनी तिला रविवारचं आमंत्रण देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर आक्काची ओळ आली. ‘आज ऐकला, पंखा.’ त्याच्या पुढच्या दिवशी, ‘पातेल्यात पडणारं पाणी. पातेलं स्टीलचं.’ अण्णांनी आपला तंबोरा फोनवर रेकॉर्ड करून पाठवला होता, तो ती रोज लावून बसायची. ‘षड्ज आहे.’ मग बऱ्याच दिवसांनी, ‘पंचम आला, पण परक्या घरी आल्यासारखा अंग चोरून.’ मग, ‘खर्ज. बसलाय ऐसपैस.’ प्रत्येक ओळीखाली सर कन्नडमध्ये शाबासकी लिहायचे. गंधाराबद्दल ती काही लिहीत नव्हती आणि आम्हीही विचारत नव्हतो.

गेल्या रविवारी ती आली. हायवेवर बसमधून उतरताना मी हात पुढं केला, तो तिनं झिडकारला. म्हणाली, कान गेलेत, पाय न्हाईत. वडगावात दारातच सरांनी विचारलं, सध्या काय ऐकताय. ‘तुमचाच तंबोरा,’ असं अण्णांकडे बघून सांगत ती आपल्या जुन्या जागेवर बसली. स्पीकरपासून लांब, खिडकीपाशी.

अण्णा छेडायला लागले. आक्कानं डोळे मिटले. शेजारचा माग चालू होता. मी पुन्हा तिच्या उजव्या हाताकडे बघत बसलो. बराच वेळ गेला आणि हात मांडीवरून हलला नाही.

मग ती हळू आवाजात म्हणाली, “अण्णा, गंधार येत न्हाय.”

सर खाली बघायला लागले. इतक्या दिवसांची मेहनत, ती रिक्षा, त्या ओळी, सगळं या एका वाक्यापाशी येऊन थांबलं असं वाटलं. मी तिला म्हणणार होतो, असू दे आक्का, बाकीचं तर येतंय.

अण्णा छेडायचे थांबले होते. त्यांनी भोपळ्याला कान लावला, खर्जाची तार एकटीच वाजवली, पुन्हा वाजवली. तारेखालचा धागा बोटानं चाचपला. मग मान वर केली आणि म्हणाले, “व्हय आक्का. येतच न्हाय. धागा सरकलाय.”

आम्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सगळे आक्काच्या हाताकडे बघत होतो, तंबोरा ऐकत कुणीच नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. आक्कानं आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं, वर्गात दंगा करणाऱ्या पोरांकडे बघायची तसं.

“मग बसलासा काय?” ती अण्णांना म्हणाली. “लावा की नीट.”