बिनलशीचा पिंजरा

एका पिंजऱ्यातले मासे मरू द्यायचे असं ठरवून, माशांच्याच जिवासाठी कुणी वर्षानुवर्षं बसचे धक्के खात राहिलं, तर तुम्ही त्या बाईला निर्दय म्हणाल?

माझी सुधामावशी माशांसाठी लस तयार करायची. काही आठवड्यांपूर्वी धरणाकडून आलेली बस स्वारगेटला थांबली, सगळे उतरले, मावशी उतरली नाही. कंडक्टरने तिच्याच फोनवरून मला फोन लावला. "ताई, बाई गेल्यात हो... आणि मांडीवरच्या डब्यात बर्फात मासे आहेत. टाकून देऊ?" मी कर्वेनगरच्या चौकात उभी होते. "नका टाकू," एवढंच म्हणाले. ती गेली हे डोक्यात शिरत नव्हतं. मासे टाकायचे नाहीत, एवढं मात्र कळत होतं.

धरणाच्या पाण्यात सोडलेल्या जाळीच्या पिंजऱ्यांत दाटीवाटीने वाढवलेल्या माशांत रोग झपाट्याने पसरतो. लवंगतेलाच्या पाण्यात गुंगवलेल्या माशांच्या पोटात मावशी सुई टोचायची. एका पिंजऱ्यात लस, शेजारच्यात नुसतं मिठाचं पाणी. बिनलशीचे मेले आणि लशीचे जगले, तर लस खरी; दोन्हीकडे सारखेच मेले, तर खोटी. पिंजरेवाल्या रंगनाथकाकांना पहिल्या खेपेला ते मरण बघवलं नाही. त्यांनी गुपचूप बिनलशीच्या माशांच्या खाद्यात अँटिबायोटिक कालवलं. मासे जगले, प्रयोग बुडाला. मावशी म्हणाली, "फार दयाळू आहात, काका. आता सगळ्या धरणाला रोज औषधच चारा. मासे खाणाऱ्या पोरांनाही चारा."

"मॅडम, डोळ्यांदेखत मरत्यात हो..."

"मलाही डोळे आहेत," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मावशी गेली तेव्हा ही दुसरी खेप अर्धी झाली होती. डब्यातले मासे कोणत्या जंतूने मेले, ते तपासायचं होतं. मी डबा घेऊन तिच्या प्रयोगशाळेत गेले. तिथले साहेब म्हणाले, "मॅडमच नाहीत, तर प्रयोग कसला?" माणूस गेला की प्रश्नही संपतो? औषधाच्या पिशव्या थेट धरणावर येतात आणि लस तपासणारा एक हात या विद्येच्या शहरात मिळत नाही! मावशीच्या जाण्याइतकाच हा धक्का मला अजून पचलेला नाही.

परवा काकांचा फोन आला. "ताई, मासं मरत्यात. औषध घातलं न्हाई बघा, मॅडमना शब्द दिल्याला हाय. पर मेलेलं बघायला कुणी येतंय का?"

सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेले, शिकवणारे, निवृत्त झालेले असे तुम्ही इथे गल्लोगल्ली आहात. शोकसभा नको. तुमच्यापैकी एकाने तरी या आठवड्यात माझ्यासोबत धरणावर यावं. काकांचा धीर सुटण्याआधी चला.