त्यांची बोली, आपली चूक

आमच्या गोंदियात इंग्रजी शुद्ध ठेवायची जबाबदारी एका निवृत्त प्राध्यापकांनी अंगावर घेतली आहे. ती त्यांना कुणी दिलेली नाही. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप काढला आणि रोज सकाळी त्यावर 'आजची चूक' टाकायला सुरुवात केली. प्रीपोन म्हणू नका. कझिन ब्रदर म्हणू नका. रिव्हर्ट बॅक म्हणू नका. खाली शहरातले शिक्षक, बँकवाले, दोन डॉक्टर हात जोडल्याची चित्रं टाकतात. ज्यांनी आदल्या संध्याकाळीच कुणाला तरी 'कझिन ब्रदर' म्हणून ओळख करून दिलेली असते, तेच सगळ्यात आधी हात जोडतात.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. माझं गाव दवनीवाडा. घरी आम्ही 'जाऊन राहिलो, खाऊन राहिलो' असंच बोलतो आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. ग्रुपवर मला आमच्या प्राचार्यांनी घातलं होतं, म्हणून मी होतो. प्राध्यापक सरांचा मला राग येत नसे. कीव येई, आणि तीही फार वेळ टिकत नसे. ज्या भाषेत रोज हजारो माणसं नवं काहीतरी बोलतात, तिच्या दारात हा माणूस छडी घेऊन उभा होता, आणि छडी बसायची ती फक्त आपल्याच पोरांच्या पाठीवर.

पण ज्या दिवसाची गोष्ट सांगतो आहे, त्या दिवसापर्यंत मी हे सगळं मनातच ठेवलं होतं.

मुर्रीकडे एक नवी इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली होती. संस्थेचे सचिव म्हणजे एक राइस मिलवाले. धानाचा दाणा दाताखाली धरून ओल सांगणारा माणूस, पण इंग्रजीचं नाव काढलं की हात जोडून बसायचा. इंग्रजीच्या शिक्षकाची एक जागा भरायची होती. मुलाखतीला तज्ज्ञ म्हणून प्राध्यापक सरांना बोलावलं होतं, आणि जोडीला मला.

आधी उमेदवारांनी वर्गावर शिकवून दाखवायचं होतं. देवरीच्या पलीकडे, जंगलपट्ट्यातल्या गावातून एक मुलगी आली होती. गोंड कुटुंबातली. घरी थोडी शेती, तेंदूपत्त्याच्या हंगामात सगळं घर जंगलात. हिने बीए, बीएड केलं होतं आणि तीन वर्षं एका खाजगी शाळेत शिकवलं होतं. तिने सहावीचा वर्ग घेतला. भूतकाळ शिकवायचा होता. तिने फळ्यावर नियम लिहिला नाही. काल घरी काय झालं ते सांगा म्हणाली. एकाने सांगितलं, आमची बकरी पळाली, आणि इंग्रजीत तो 'रन्ड' म्हणाला. वर्ग हसला. तिने तोच शब्द फळ्यावर लिहिला आणि विचारलं, "हा असं काऊन म्हणाला, सांगा बरं?" पोरंच सांगू लागली, वॉकला ईडी लागतो, जंपला लागतो, म्हणून रनला पण लावला. ती म्हणाली, "म्हणजे यानं डोकं चालवलं. शब्दच ऐकत नाही." मग तिने 'रॅन' लिहिला. तास संपला तेव्हा पोरं बकरीपासून सर्कशीपर्यंत पोचली होती, आणि सगळी भूतकाळात बोलत होती.

मी इतकी वर्षं शिकवतो आहे. मला तो तास आवडला.

मग मुलाखत. ती समोर बसली. सरांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि शिक्षणाबद्दल विचारलं. ती इंग्रजीत म्हणाली, "आय पास्ड आउट फ्रॉम गोंदिया."

सरांचा चेहरा उजळला. सावज टप्प्यात आलं होतं. त्यांनी इंग्रजीतच विचारलं, "अरेरे! मग शुद्धीवर कुणी आणलं तुम्हाला?" आणि स्वतःच हसले. सचिवांना विनोद कळला नाही, पण प्रोफेसरसाहेब हसले म्हणून तेही हसले.

तिला विनोद बरोबर कळला होता. ती शांतपणे म्हणाली, "आय कम्प्लीटेड माय डिग्री इन गोंदिया, सर."

पुढे ती 'आय अ‍ॅम हॅविंग थ्री यिअर्स एक्सपिरियन्स' म्हणाली. सरांनी कागदावर एक रेघ मारली. 'कझिन ब्रदर'सोबत गोंदियात राहते म्हणाली. आणखी एक रेघ. तिने वर्गात काय केलं, याबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सर उठून खिडकीशी गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "काऊन बे, आता कायले फोन करून राहिला? मी मीटिंगमंधी आहो ना!" परत येऊन बसले, घसा साफ केला आणि तिला सांगितलं की 'हॅव' या क्रियापदाला असं चालू काळात वापरता येत नाही. स्वतः आत्ताच खिडकीशी सगळा चालू काळ सांडून आले होते. त्या बोलीत त्यांचा सगळा जन्म गेला, आईशी ते त्यातच बोलले असतील, आणि ती त्यांनी अशी खिडकीशी नेऊन बोलायची ठेवली होती, लपून बिडी ओढावी तशी.

तिच्यानंतर एक तरुण आला. रायपूरला कुठल्याशा कॉल सेंटरमध्ये काम केलेला. त्याचा वर्ग मी पाहिला होता. त्याने पोरांकडे पाठ करून फळा भरला होता. पण बोलायला लागला आणि सर पुढे सरकून बसले. 'गॉना', 'वॉना', 'लाइक', 'बेसिकली', 'लिटरली'. शब्द एकमेकांवर घसरत होते, र तोंडातल्या तोंडात वळत होता. अर्ध्याहून जास्त सरांना कळलं नसावं. जितकं कळत नव्हतं तितकी त्यांची मान जास्त डोलत होती.

तो बाहेर गेल्यावर सर म्हणाले, "याला घ्या. इंग्रजी आहे ही."

मी म्हणालो, "सर, तो 'आय गॉना टीच' म्हणाला. तुमच्या कुठल्या व्याकरणात बसतं हे?"

"ती तिकडची बोली आहे. नेटिव्ह लोक बोलतात तसं."

"आणि 'आय अ‍ॅम हॅविंग'?"

"ती चूक आहे."

"काऊन?"

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी टेबलावर थुंकलो होतो. मी तो शब्द मुद्दामच वापरला होता. आपल्याकडे म्हण आहे, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. सरांनी ती उलटी करून घेतली होती. दुसऱ्याचा तो बाब्या, आपलं ते कार्टं.

मी सोडलं नाही. "पास आउट म्हटलं की बेशुद्ध पडणं, एवढंच माहीत आहे तुम्हाला. मागच्या महिन्यात तुम्हीच ग्रुपवर पासिंग आउट परेडचा व्हिडिओ टाकला होता ना? अभिमानाने. त्या परेडमध्ये इतके जवान बेशुद्ध पडत होते का?"

"तो लष्करी शब्द आहे."

"मग तो लष्करातून कॉलेजात आला. शब्द चालतात, सर. आणि कझिन ब्रदरचं म्हणाल, तर नुसता कझिन म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाला भाऊ की बहीण ते कळत नाही. आपल्याला चुलत, मामे, आते सगळं लागतं. पोरीने भाऊ सांगितला, त्यात काय बुडालं?"

सचिवांनी घड्याळ पाहिलं. "अरे सर, प्रोफेसरसाहब बोल रहे हैं तो गलत ही होगा ना. पेरेंट्स को तो वो लड़के जैसा ही चाहिए."

कॉल सेंटरवाल्याला घेतलं.

मी बाहेर आलो तेव्हा ती मुलगी व्हरांड्यात होती. दार उघडंच होतं, तिने सगळं ऐकलं होतं. मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला लागलो. ती म्हणाली, "सर, तुम्ही चांगलं भांडले. पण मी नोकरीसाठी आली होती. तुमचं दोघांचं जुनं भांडण दिसते."

"आमचं जुनं काही नाही," मी म्हणालो.

"मग नवं असेल," ती म्हणाली, आणि मुर्रीच्या नाक्यावर ऑटो मिळतो का ते विचारलं. माझं पांडित्य तिच्या काही कामाचं नव्हतं, हे तिने इतक्या सरळ सांगितलं की मला वाईट वाटायलाही जागा राहिली नाही.

महिन्याभरात ग्रुपची प्रत्यक्ष बैठक होती. एका वाचनालयाच्या सभागृहात, खुर्च्या कमी आणि पंखे मोठ्या आवाजाचे. विषय होता इंग्रजीची घसरण. सरांनी बोलायला घेतलं ते 'दे' या सर्वनामावर. हल्ली एकाच माणसासाठी 'दे' वापरतात, एकवचनाला अनेकवचन, हा भाषेवर बलात्कार आहे, असं म्हणाले. तो शब्द त्यांनी बायकांसमोर, पोरींसमोर अगदी सहज वापरला. व्याकरणाच्या बाबतीत इतके हळवे आणि शब्दांच्या बाबतीत इतके बोथट. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग कुणाला काही विचारायचं आहे का म्हणाले. मी उठलो.

"सर, आत्ता सूत्रसंचालकांनी तुमची ओळख कशी करून दिली?"

"कशी म्हणजे?"

"ते म्हणाले, सर आले आहेत, सर आपले विचार मांडतील. तुम्ही एकटेच आलात ना? मग 'सर आले' काऊन? 'सर आला' म्हणायला पाहिजे होतं. व्याकरण शुद्ध राहिलं असतं."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"तो आदर आहे," सर म्हणाले.

"म्हणजे आदरासाठी एकाचे अनेक झालेले चालतात. घरी वहिनी तुमच्याबद्दल 'हे जेवले' म्हणतात, तेव्हा त्या किती जणांना वाढतात?"

आता सभागृह मोकळं हसलं. त्यांच्या पत्नी पहिल्या रांगेत होत्या. त्या पदर तोंडाशी धरून हसत होत्या, हे मी स्पष्ट पाहिलं. मी पुढे सांगितलं की इंग्रजीत 'यू' हेही एके काळी अनेकवचनच होतं, एकट्यासाठी 'दाऊ' होतं, आपल्या तूसारखं. लोकांनी 'दाऊ' टाकला, सगळ्यांनाच 'यू' म्हणायला लागले, आणि इंग्रजी मेली नाही. 'नाइस' म्हणजे एके काळी मूर्ख. "आज कुणी तुम्हाला नाइस म्हणालं तर तुम्ही कोणता अर्थ घ्याल?"

हे शेवटचं बोलायची गरज नव्हती, पण बोललो. मजा आली.

सर लाल झाले. म्हणाले, "तुमच्यासारख्या शिक्षकांमुळेच आपली मुलं मागे आहेत." मग म्हणाले की खेड्यातून आलेल्या माणसाला सगळंच चालतं, कारण त्याने कधी चांगलं ऐकलेलंच नसतं.

 ते स्वतः तिरोड्याकडच्या एका खेड्यातून आले होते आणि सभागृहातल्या अर्ध्या लोकांना ते माहीत होतं.  मी खाली बसलो. इतकं पोकळ उत्तर आल्यावर त्यावर शब्द कशाला खर्च करायचा? सामोसे वाटले गेले, आभार मानले गेले. आभार मानणाऱ्याने सरांना 'लिव्हिंग लिजंड' म्हटलं. घरी पोचेपर्यंत मला ग्रुपमधून काढलेलं होतं.

कॉल सेंटरवाला वार्षिक परीक्षेआधीच रायपूरला परत गेला. पोरांना त्याचं बोलणं कळत नव्हतं आणि त्याला पोरांचं. सचिवांनी मला नंतर सांगितलं, "लड़का अच्छा था, बस पढ़ा नहीं पाया." जसं काही शिक्षकाच्या नोकरीत ती बारीकशी अडचण असते.

ती मुलगी मला पुढच्या उन्हाळ्यात गोंदियाच्या बाजारात भेटली. तिनेच हाक मारली. देवरीकडे एका आश्रमशाळेत लागली होती. पोरं घरी गोंडी बोलतात, म्हणाली, मग ती गोंडीतून इंग्रजीत जाते, मराठी मधे आली तर आली. तिथे मुलाखत कशी झाली, असं मी विचारलं. म्हणाली, "त्यांनी एकच विचारलं, इथं राहाल का? मी म्हटलं, राहीन." हॉस्टेलात पाणी नाही, मुख्याध्यापक सुट्टीवरच असतात, पण वर्ग आपला आहे, असं सांगितलं. मग तिने पोरांसाठी चित्रांचे तक्ते कुठे स्वस्त मिळतात ते विचारलं. मी दुकान दाखवलं. तिने भाव पाडून घेतला, माझ्यापेक्षा बऱ्याच चांगल्या हिंदीत.

यंदा सचिवांचा पुन्हा फोन आला. इंग्रजीची जागा पुन्हा रिकामी होती. "आप आ जाइए, प्रोफेसरसाहब भी रहेंगे."

मी म्हटलं, "ती देवरीची मुलगी आठवते का? तिला विचारून बघा."

"कौन?" ते म्हणाले. खरंच आठवत नव्हती.

मी येणार नाही म्हणून सांगितलं. त्यांनी एकदाही आग्रह केला नाही. "कोई बात नहीं, सर," म्हणाले आणि फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी कळलं की जागा प्राध्यापक सरांच्या भाचीला मिळाली. तिची इंग्रजी कशी आहे, ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.