दादाची रेघ आणि माझा खण

वहिनींचा पहिला फोन मी उचलला नाही. दुसराही नाही. सकाळचे साडेनऊ, ऑफिसात मीटिंग चालू, आणि माझ्या डोक्यात एकच : मनोहरदादाने बायकोला पुढे केलंय. दोन महिने आमचा अबोला होता, आता मध्यस्थी सुरू झाली. तिसरा फोन माझ्या बायकोचा, नीताचा. "दादा गेले रे... चहा पिता पिता. बर दुबईला निघायचंय." मी म्हणालो, "नक्की?" सख्ख्या चुलतभावाच्या मरणाची बातमी ऐकूनही खात्री करून घेणारा माणूस माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

दादा माझ्याहून अठरा वर्षांनी मोठा. दुबईच्या एका शाळेत तीसएक वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेला, आणि मुलाच्या व्हिसावर तिथल्याच बर दुबई भागात राहणारा. मी पहिल्यांदा इथे उतरलो तेव्हा विमानतळावर तोच घ्यायला आला होता. टॅक्सीत बसल्या बसल्या त्याने पहिला धडा दिला : "बाळ्या, इथे कुणी पासपोर्ट मागितला तर दाखवायचा. ठेवायला द्यायचा नाही." मी इतका घाबरलो की तीन महिने पासपोर्ट बनियनच्या आत घालून फिरलो. जूनच्या उकाड्यात त्याच्या निळ्या कव्हराचा रंग माझ्या छातीला लागला होता. दादा पुढे कित्येक वर्षं लग्नकार्यात ही गोष्ट सांगून माझी अब्रू काढायचा.

गेल्या वर्षी आमच्या रुचाला अमेरिकेचा इतिहास अभ्यासाला आला. दादा आपणहून म्हणाला, "शनिवारी येत जाईन." बर दुबईहून अबुधाबीला आमच्या घरापर्यंत बसने, हातात कापडी पिशवी, पिशवीत गुंडाळलेला नकाशा आणि सागवानी फूटपट्टी. हा माणूस फुकट शिकवायला दीड-दोन तासांचा प्रवास करतो म्हणजे काहीतरी असणार, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. एक तर सुमनताईच्या हातची सुरमईची आमटी, नाहीतर आमच्या घराची तपासणी. त्याची नजर मास्तरांची होती, कुठलंही कपाट न उघडता त्यातला पसारा दिसायचा त्याला.

सुमनताई आमच्याकडे राहून स्वयंपाकपाणी बघते, सावंतवाडीकडची. तिचा पासपोर्ट माझ्या कपाटाच्या खणात असायचा. व्हिसाच्या कामासाठी चार दिवसांकरता घेतला होता, त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. इथल्या बऱ्याच घरांत असंच चालतं, आणि विचारलं तर सगळे सांगतात तेच मीही सांगायचो : "हरवायला नको म्हणून सांभाळून ठेवलाय." तिच्या आईला दिसेनासं झालं होतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तिने गावी जायचं म्हटलं तेव्हा मी म्हणालो, रुचाची परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली. मग म्हणालो, दिवाळी होऊ दे. एकदा गेली की परत येणार नाही, किंवा आली तरी दुसऱ्या कुणाकडे जाईल, हा संशय मला पोखरत होता.

त्या शनिवारी दादाने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि फूटपट्टी लावून एक आडवी रेघ ओढली. "ही बघ. हिच्या वरच्या नव्या प्रदेशात गुलामगिरी न्यायची नाही, असं ठरलं. तीसएक वर्षं निभावलं, मग रेघच पुसली. तिथं जाऊन राहतील त्यांनीच ठरवावं म्हणे. झालं! दोन्हीकडची माणसं कॅन्सस नावाच्या नव्या प्रदेशात घुसली, मतपेट्यांवर मारामाऱ्या, खून..."

रुचा म्हणाली, "बट दादाकाका, देअर वेअर हार्डली एनी स्लेव्ह्ज इन कॅन्सस! मग फाइट कशाला?"

"तीच तर मेख आहे. जिथे गुलाम होते तिथलं नाव कुणी काढत नव्हतं. भांडण होतं पुढच्या जमिनीचं. उत्तरेला वाटे, हे एक दिवस आपल्या अंगणापर्यंत येणार. दक्षिणेला वाटे, आज पुढे जाऊ देत नाहीत, उद्या आहे तेही काढून घेतील. तडजोड झाली की दोघंही घरी जाऊन विचार करायचे, समोरच्याने आपल्याला फसवलं तर नाही ना? अशी बरीच वर्षं गेली आणि मग तोफा आल्या." त्याने फूटपट्टी खाली ठेवली. "आणि गंमत सांगू? दक्षिणेतल्या साहेबलोकांना गुलामगिरी हा शब्द आवडत नसे. आमच्याकडची खास पद्धत, म्हणायचे. आमची माणसं आम्ही घरच्यासारखी सांभाळतो, म्हणायचे."

सुमनताई चहा घेऊन उभी होती. तिने कप ठेवले आणि विचारलं, "गुरुजी, त्या माणसांचे कागद कोणाकडं असायचे?"

दादाने चष्मा काढला, पुसला, आणि माझ्याकडे बघितलं. माझी खात्रीच पटली की हा प्रश्न त्यानेच तिला शिकवून आणलाय.

नंतर गॅलरीत त्याने मला गाठलं. "तुझ्याकडे आहे ना तिचा?"

"अरे, आम्हा सगळ्यांचे एकाच खणात आहेत. घरच्यासारखीच आहे ती."

"घरच्यांना कपाटाची किल्ली कुठे असते ते ठाऊक असतं, बाळ्या. तिला ठाऊक आहे?"

"तू उगाच कुठली तुलना कुठे करतोस! ती काय गुलाम आहे?"

"नाहीच आहे. म्हणून तर विचारतोय. चार दिवसांची रेघ तूच ओढली होतीस ना? आता कुठवर सरकलीय ती?"

पुढच्या आठवड्यात खण उघडला तर तिघांचे पासपोर्ट जागेवर, चौथा गायब. मी सुमनताईला विचारू शकत नव्हतो, विचारायचं म्हणजे तो कुठे होता ते सांगणं आलं. घरात विचारलं तर गवगवा. मी सरळ दादाला फोन लावला. "दादा, खणातली एक वस्तू दिसत नाही."

त्याने उलट विचारलं, "कुणाकुणाला विचारलंस?"

"कुणालाच नाही."

"मग मीच घेतली समज. खलास."

मी समजलो! गुन्हा कबूल झाला म्हणून वर खूशही झालो. बाजारातून पितळी कुलूप आणलं, खणाला लावलं, आणि दादाचे शनिवार बंद केले. त्याची फूटपट्टी आमच्याकडेच राहिली होती. ती मागण्याच्या निमित्ताने तो येईल म्हणून मी वाट बघत होतो... आणि आला की काय काय बोलायचं याची उजळणीही करत होतो.

आणि मग ते फोन आले. जबल अलीच्या स्मशानात सगळं उरकलं. तेराव्याला बर दुबईच्या घरी गेलो तेव्हा मी काय केलं असेल? माणसं जेवत असताना आत जाऊन पासपोर्टसाठी दादाचं टेबल उचकलं. वहिनी दारात. "काय शोधताय भावजी?" मी म्हणालो, "दादाची आठवण म्हणून काही..." त्यांनी भरल्या डोळ्यांनी गुंडाळलेला नकाशा माझ्या हातात दिला. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय, हे मला त्या दिवशी कळलं.

परतताना गाडीत नकाशा मांडीवर घेऊन बसलेली रुचा एकदम म्हणाली, "बाबा, आय गेव्ह इट टू हर. पासपोर्ट. दादाकाकाला माहीतच नव्हतं. तुझ्या फोननंतर त्याने मला विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, गुड, आता गप्प बस, तुझ्या बापाला माझ्यावर चिडायची सवय आहे."

नीता खिडकीबाहेर बघत राहिली, म्हणजे तिलाही ठाऊक होतं. घरात ठाऊक नव्हतं ते मला एकट्यालाच. दोन महिने पासपोर्ट सुमनताईच्या ट्रंकेत होता, आणि रोज सकाळी माझ्या डब्यात गरम पोळ्या होत्या. ती पळून गेली नाही. ती रजेची वाट बघत होती.

गेल्या शुक्रवारी ती गावी गेली. विमानतळावर पासपोर्ट तिच्याच हातात होता, कोपरे दुमडलेला. "आईचे डोळे झाले की येते, साहेब," म्हणाली. माझ्या ओठांवर "नक्की?" आलं होतं. मी दात आवळले आणि तिची बॅग ट्रॉलीवर चढवली.

खणाचं कुलूप काढून टाकलंय. तिघांचे पासपोर्ट आहेत तिथे, आणि चौथ्याच्या जागी दादाची फूटपट्टी. कुलपाची किल्ली आता स्वयंपाकघरात गाळणीशेजारी खिळ्याला टांगली आहे. तिचा काही उपयोग राहिलेला नाही, पण येता-जाता दिसते. सुमनताई आली तर तिलाही दिसेल.