मामीचं जुनं माप

पिंकीचा फोन आला तेव्हा मी नागपूरले मेसमध्ये जेवून राहिली होती. "ताई, आई गेली..." एवढंच बोलली. तिचं लग्न तोंडावर आलेलं, अन् मामी गेली! महिना होऊन गेला, तरी ते ताट डोळ्यासमोरून जात नाही.

मामी सानगडीची, रोवणीत सगळ्यात पुढं. धानाची रोवणी म्हणजे दिवसभर चिखलात वाकून रोपं लावणं, कंबर पार तुटते. मग बाया बाजारातून एक पांढरी बारीक गोळी घेतात. रोवणी संपली की गोळी बंद. मामीची कंबर मात्र नंतरही दुखे, म्हणून तिची गोळी वर्षानुवर्षं सुरूच राहिली. त्यात स्टेरॉइड असते, हे कोणाले माहीत?

चेहरा गोल झाला तं सगळे खूश. शेजारची काकू म्हणे, "काय वं, भाऊजी लय तूप खाऊ घालून राहिले वाटते!" मामीही हसे. पण मग पोट-पाठ फुगत गेली अन् हातपाय काड्यांसारखे झाले. जरासं लागलं की जांभळं! मामी मशीनवर बसून ब्लाऊजची पाठ उसवून सैल करे अन् त्याच ब्लाऊजच्या बाह्या आवळे. हळूहळू लोकांच्या लग्नाकार्यात जाणंच सोडलं तिनं.

शेवटी मी तिले भंडाऱ्याले दाखवलं. डॉक्टरनं नीट समजावलं. किडनीवरच्या ग्रंथी अंगाले लागणारं कॉर्टिसॉल बनवतात. बाहेरून तेच काम करणारी गोळी इतकी वर्षं आली की त्या झोपी जातात, अन् गोळी अचानक थांबली तं जीवावर बेतते. म्हणून गोळी एकदम सोडायची नाही, ते सांगतील तशी थोडी-थोडी कमी करायची.

परतताना एसटीत मामी खिडकीकडे तोंड करून बोलली, "घेतली तं फुगते, सोडली तं मरते. मी जाऊ कुठं वं बाई?"

मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "पिंकीच्या लग्नापर्यंत उतरंल का चेहरा? फोटो पाहून लोक म्हणतीन, नवरीची माय कोणती होय?"

"उतरंल मामी, पण वेळ लागंल."

वेळच तं नव्हता तिच्याजवळ. तिनं गुपचूप गोळी बंद केली. उलट्या सुरू झाल्या, उठणं होईना, तेव्हा पिंकीले कळलं. पिंकी रडून राहिली होती अन् मामी तिलेच समजावे, "सगळ्या बाया रोवणी झाली की सोडतेत. कोणाले काय होते?" त्या बाया महिनाभरच घेतात, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. साकोलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत बीपी लागेनासा झाला होता.

मी तेरवीले गेली तेव्हा मशीनजवळच्या खुंटीवर लग्नासाठी शिवलेला ब्लाऊज दिसला. हिरवा, जरीकाठाचा. पाठ अरुंद, बाह्या रुंद... मामीचं जुनं माप! पिंकीनं तो उलटा करून दाखवला. दोन्ही बगलांच्या शिवणीत बोटभर जास्तीचं कापड दुमडून ठेवलं होतं. अंग नाहीच उतरलं, तं उसवता यावं म्हणून.